अँगस: लाल दगडाचा किनारा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं एक बंदर आहे. गावात लाल वालुकाश्मात बांधलेल्या एका मोठ्या मठाचे अवशेष उभे आहेत, आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीत, खूप उंचावर, एक भलंमोठं गोल भगदाड दिसतं. ती एकेकाळी खिडकी होती. रात्री तिच्यात दिवा लावून ठेवत, म्हणजे समुद्रावरच्या लोकांना किनाऱ्याचा अंदाज येई, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गावकरी या खिडकीला 'राउंड ओ' म्हणतात.

हा परगणा आहे अँगस. पर्यटकांना इथे बहुधा किल्ले आणि राजघराण्यांच्या गोष्टी दाखवल्या जातात. मला मात्र वाटतं, या भूमीची खरी ओळख समुद्रामुळे घडली. समुद्रानं काय आणलं, काय नेलं आणि त्याच्याशी झगडताना माणसांनी काय उभं केलं, या अंगानं पाहिलं की अँगसचा गुंतागुंतीचा इतिहास बराच सोपा होतो.

आधी नावाचा घोळ सोडवू. ब्रिटनमध्ये 'काउंटी' किंवा 'शायर' म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. स्कॉटलंडमध्ये मध्ययुगात राजानं ठिकठिकाणी 'शेरीफ' नेमले. न्यायदान, वसुली आणि बंदोबस्त हे त्यांचं काम, आणि एका शेरीफच्या हाताखालचा मुलूख म्हणजे एक शायर. अँगसच्या शेरीफचं ठाणं फॉर्फर या गावात होतं, म्हणून कागदोपत्री या भागाला बराच काळ 'फॉर्फरशायर' म्हणत. १९२८ मध्ये 'अँगस' हे जुनं नाव अधिकृतपणे परत आलं. डंडी हे सगळ्यांत मोठं शहर १८९४ मध्येच स्वतंत्र काउंटी झालं होतं. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या साऱ्या जुन्या काउंट्या प्रशासनातून गेल्या आणि अँगस 'टेसाइड' या मोठ्या विभागात विरघळलं. १९९६ च्या फेररचनेत अँगस पुन्हा नकाशावर आलं, पण डंडीशिवाय. म्हणून आजचं अँगस आणि ऐतिहासिक अँगस यांच्या हद्दी जुळत नाहीत. या लेखात डंडीसह जुनं अँगस धरलं आहे, कारण डंडी वगळली तर अर्धी कथा हातातून जाते.

दक्षिणेला टे नदीची रुंद खाडी, उत्तरेला नॉर्थ एस्क नदी, पूर्वेला उत्तर समुद्र आणि पाठीशी ग्रॅम्पियन डोंगर, अशी ही चौकट. डोंगरांतून पाच लांब दऱ्या खाली उतरतात. मधल्या सपाटीला स्ट्रॅथमोर म्हणतात, म्हणजे 'मोठं खोरं'. जमीन कसदार आहे. बटाटा, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी भरपूर होते, आणि जगभर गेलेली काळी, बिनशिंगी 'अ‍ॅबर्डीन अँगस' गुरं घडवण्यात इथल्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे.

जमिनीचा लाल रंगही समजून घेण्यासारखा आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी उंच पर्वत झिजत होते आणि नद्या त्यांची वाळू खाली आणून पसरत होत्या. त्या वाळूतल्या लोहाला गंज चढावा तसा रंग आला, थरांवर थर दाबले गेले आणि 'जुना लाल वालुकाश्म' तयार झाला. आर्ब्रोथचे समुद्रकडे याचे, मठही याचाच. पृथ्वी आज जशी हळूहळू घडते-मोडते आहे तशीच ती कायम घडत-मोडत आली, हा विचार ज्यानं भूशास्त्रात रुजवला तो चार्ल्स लायेल १७९७ मध्ये याच काउंटीत, किरीम्यूरजवळच्या किनॉर्डी इथे जन्मला.

न वाचता येणारे दगड

स्कॉटलंड हे राज्य घडण्याआधी या भागात पिक्ट लोक राहत. रोमन लेखकांनी इसवी सन २९७ च्या सुमारास त्यांना 'पिक्ती' म्हटलं. या शब्दाचा अर्थ 'रंगवलेले' असा लावतात. स्वतःला ते काय म्हणवत, त्यांच्या घरात कोणत्या कहाण्या सांगितल्या जात, यातलं फारच थोडं उरलं आहे. राजांच्या याद्या आहेत, आणि दगड आहेत.

हे दगड अँगसमध्ये जितके आहेत तितके क्वचितच कुठे असतील. अ‍ॅबरलेम्नो या खेड्यात काही रस्त्याच्या कडेला उभे आहेत आणि एक चर्चच्या आवारात. त्यांवर चंद्रकोर आणि तिला छेदणारा मोडका बाण, दोन जोडचकत्या, आरसा, कंगवा, साप आणि कशाशीच नीट न जुळणारा एक विचित्र प्राणी कोरला आहे. हीच चिन्हं त्याच ठरावीक घाटात दूरदूरच्या दगडांवरही येतात. म्हणजे ती नुसती नक्षी नाही, त्यांना अर्थ होता. तो आजवर कोणालाही खात्रीनं लावता आलेला नाही. काही अभ्यासक त्यांना माणसांची नावं मानतात.

चर्चच्या आवारातल्या दगडावर एका अंगाला सुरेख गुंफणीचा क्रूस आहे आणि दुसऱ्या अंगाला लढाई. घोडेस्वार, ढाली-भाले घेतलेले पायदळ, नाकावर पट्टी असलेली शिरस्त्राणं, आणि खाली कोपऱ्यात पडलेला एक योद्धा, ज्याच्या तोंडाशी पक्षी टोच मारतो आहे. ही ६८५ सालची डनिकेनची लढाई असावी असं बरेच जण मानतात. त्या वर्षी २० मे रोजी पिक्टांचा राजा ब्रिदे यानं दक्षिणेकडून चाल करून आलेल्या नॉर्थम्ब्रियाच्या एक्फ्रिथ राजाला ठार करून त्याची फौज मोडली. डनिकेन गाव अ‍ॅबरलेम्नोपासून फार लांब नाही. लढाई उत्तरेकडे, डोंगराळ भागात झाली असंही एक मत आहे, त्यामुळे दगडावरचं चित्र तिचंच, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण त्या विजयामुळे उत्तरेकडचा हा मुलूख दक्षिणेच्या राज्यात गिळला गेला नाही, एवढं खरं. पुढे नवव्या शतकात पिक्ट आणि पश्चिमेकडचे गेलिक भाषक एकत्र येत गेले, त्यातून स्कॉटलंडचं राज्य उभं राहिलं आणि पिक्टांची भाषा संपली. हिवाळ्यात या दगडांवर लाकडी पेट्या चढवतात, हिमानं कोरीव काम सोलवटू नये म्हणून. तेराशे वर्षांच्या दगडाला थंडीत असं झाकून ठेवणारं गाव मला फार आवडतं.

जवळच ब्रेकिन गावात कॅथीड्रलला चिकटून एक उंच, गोल, निमुळता मनोरा आहे. असे मनोरे आयर्लंडमध्ये पुष्कळ, पण अख्ख्या स्कॉटलंडमध्ये दोनच उरले आहेत. आयरिश भिक्षूंच्या परंपरेशी या भागाचा किती जवळचा संबंध होता, हे त्यावरून कळतं.

१३२० चं पत्र

आता पुन्हा त्या गोल खिडकीकडे येऊ. आर्ब्रोथचा मठ ११७८ मध्ये राजा विल्यम यानं स्थापला आणि तो थॉमस बेकेटच्या नावे अर्पण केला. बेकेट हा कँटरबरीचा धर्मगुरू. इंग्लंडच्या राजाशी बिनसलं आणि ११७० मध्ये राजाच्या सरदारांनी त्याला चर्चमध्येच कापून काढलं. इंग्लंडच्या राजाला टोचेल अशा संताचं नाव स्कॉटलंडच्या राजानं निवडावं, यात राजकारण नव्हतं असं मानणं कठीण आहे. विल्यम १२१४ मध्ये वारला आणि त्याला इथेच पुरलं.

मठ प्रसिद्ध आहे तो मात्र एका पत्रामुळे. 'आर्ब्रोथचा जाहीरनामा' म्हणून ते आज ओळखलं जातं. पार्श्वभूमी अशी: १२९६ पासून इंग्लंडचे राजे स्कॉटलंडवर हक्क सांगत होते. रॉबर्ट ब्रूसनं १३०६ मध्ये स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवून घेतला, पण त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्याच्या हातून प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनचा खून झाला होता, तोही चर्चमध्ये. त्यामुळे पोपनं त्याला धर्मबहिष्कृत केलं. १३१४ मध्ये बॅनकबर्नला ब्रूसनं इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला, तरी पोप त्याला राजा मानायला तयार नव्हता. त्या काळी पोपची मान्यता हा केवळ धर्माचा विषय नव्हता. आज एखाद्या नव्या देशाला इतर राष्ट्रांची मान्यता लागते, तसाच तो प्रश्न होता.

म्हणून ६ एप्रिल १३२० या तारखेनं, आर्ब्रोथहून, पोप जॉन बाविसावा याला लॅटिनमध्ये एक पत्र गेलं. पाठवणारे आठ अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचे उमराव, आणि एकतीस सरदार, 'आणि राज्यातला समस्त समाज'. मठाचा प्रमुख बर्नार्ड हाच राजाचा चॅन्सलर, म्हणजे दरबारी पत्रव्यवहार सांभाळणारा मुख्य अधिकारी होता, त्यामुळे पत्र त्यानं लिहिलं असं परंपरेनं सांगतात. चित्रांत मठात सरदारांची सभा भरलेली दाखवतात, पण अशी सभा इथे भरली नसावी. मसुदा दरबारी लेखकांनी तयार केला आणि सरदारांच्या मोहरा गोळा केल्या, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

पत्राची सुरुवात दंतकथेनं होते. स्कॉट लोक सिथियाहून, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून निघाले, स्पेनमार्गे इथे आले, त्यांच्यावर ११३ राजांनी राज्य केलं आणि त्यात एकही परका नव्हता, वगैरे. मग इंग्रजांनी केलेल्या कत्तली आणि जाळपोळ येते, आणि ब्रूसनं देश कसा सोडवला ते येतं. त्यानंतरचं वाक्य मात्र दचकवणारं आहे. हाच राजा उद्या आम्हाला इंग्रजांच्या ताब्यात द्यायला निघाला, तर आम्ही त्याला शत्रू समजून हाकलून देऊ आणि आमचं रक्षण करू शकेल अशा दुसऱ्याला राजा करू. आणि पुढे: आमच्यातले शंभर जण जरी जिवंत उरले, तरी आम्ही इंग्रजांची सत्ता मानणार नाही. आम्ही लढतो ते कीर्तीसाठी नाही, संपत्तीसाठी नाही, मानासाठी नाही, तर केवळ स्वातंत्र्यासाठी, जे कोणताही भला माणूस जीव गेल्याशिवाय सोडत नाही.

हे वाचून अंगावर काटा येतो, तरी नीट समजून घ्यायला हवं. ही लोकशाही नव्हे. 'आम्ही' म्हणजे मुख्यतः जमीनदार सरदार, शेतातला कूळ-गडी नव्हे. शिवाय पत्र ब्रूसच्याच दरबारातून निघालं होतं, म्हणजे 'राजाला हाकलू' हे वाक्य त्याला धमकी म्हणून नसून पोपला पटवण्यासाठी होतं: आम्ही राजाच्या दबावाखाली बोलत नाही, देशच असं म्हणतो आहे. तरीही राजा देशासाठी असतो, देश राजासाठी नसतो, ही कल्पना चौदाव्या शतकात इतक्या स्पष्ट शब्दांत कागदावर उतरली, हे मोठंच. पोपनं लगेच काही दिलं नाही, नुसतं इंग्लंडच्या राजाला तह करायला सुचवलं. इंग्लंडनं स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं ते १३२८ च्या तहात. पोपला गेलेलं मूळ पत्र हरवलं आहे. स्कॉटलंडमध्ये ठेवलेली प्रत तेवढी जपली गेली.

सोळाव्या शतकात स्कॉटलंडनं पोपची सत्ता झुगारली, त्या धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडला आणि त्याचे लाल दगड गावात घरं बांधायला गेले. पण गावाच्या मनातली जागा गेली नाही. १९५० च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाची शिळा पळवली. १२९६ मध्ये ती इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं नेली होती. पोलिसांनी सगळीकडे शोध घेतला. एप्रिल १९५१ मध्ये ती सापडली, आर्ब्रोथच्या या पडक्या मठात, वेदीच्या जागी, मुद्दाम ठेवलेली. ती लंडनला परत गेली आणि अखेर १९९६ मध्ये अधिकृतपणे स्कॉटलंडला परत मिळाली.

पाण्याखालच्या खडकावरचं दीपगृह

मला या काउंटीतली एकच जागा निवडायला सांगितली तर मी जमिनीवरची निवडणार नाही. आर्ब्रोथपासून सुमारे १८ किलोमीटर आत, समुद्रात 'बेल रॉक' नावाचा एक खडक आहे. भरतीला तो पुरता पाण्याखाली जातो, मोठ्या भरतीला सुमारे बारा फूट. ओहोटीला दोनेक तास उघडा पडतो आणि पुन्हा बुडतो. टे आणि फोर्थ या दोन्ही मोठ्या खाड्यांकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर हा दडून बसलेला. आर्ब्रोथच्या मठाधिपतीनं त्यावर एक घंटा बांधली होती, लाटांनी ती वाजे आणि नाविक सावध होत, अशी आख्यायिका आहे. एका चाच्यानं ती काढून नेली आणि पुढे त्याचंच जहाज तिथे फुटलं, असाही तिचा शेवट सांगतात. १८०४ मध्ये 'यॉर्क' हे ब्रिटिश आरमाराचं लढाऊ जहाज सगळ्या माणसांसकट नाहीसं झालं. ते याच खडकावर फुटलं असा समज झाला आणि दीपगृहाच्या मागणीनं जोर धरला.

दिवसातून दोनदा बुडणाऱ्या खडकावर पस्तीस मीटर उंच बुरूज बांधायचा कसा? हे काम १८०७ मध्ये सुरू झालं. कागदोपत्री मुख्य अभियंता जॉन रेनी, पण जागेवर राबणारा आणि जीव ओतणारा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन. श्रेय कोणाचं यावर दोन्ही घराण्यांत पुढे पुष्कळ वाद झाला.

आधी खडकावर लाकडी खांबांचं एक उंच मचाण उभारलं. सुरुवातीला मजूर जवळच नांगरलेल्या जहाजात राहत आणि ओहोटी लागली की होड्यांनी खडकावर जात. लोहारानं खडकावरच भट्टी मांडली होती, कारण टणक खडकावर पहारी सारख्या बोथट होत. पाणी चढू लागलं की भट्टी विझे, हत्यारं आवरून सगळे होडीत. मचाण तयार झाल्यावर माणसं त्याच्यावरच्या खोल्यांत राहू लागली, खाली समुद्र उसळत असताना.

बुरुजाची युक्ती आकारात आणि सांध्यांत आहे. बुंध्याशी तो बारा मीटरहून रुंद आहे आणि झाडाच्या खोडासारखा आत वळत वर जातो, म्हणजे लाटेला सरळ थोबाडीत मारायला भिंतच मिळत नाही. खालचा जवळजवळ तीस फूट भाग आतून भरीव आहे. प्रत्येक दगड शेजाऱ्यात अडकेल अशा खाचा-जिभांनी कापलेला आहे. लाकडी खणाचे कोपरे जोडताना सुतार फळ्या एकमेकींत गुंतवतो, तसंच. एक दगड ओढायचा तर त्याच्या भोवतीचे सगळे ओढावे लागतील. खालच्या भागात बाहेरून ग्रॅनाइट, आतून वालुकाश्म. दगड आर्ब्रोथच्या आवारात घडवत, एक एक थर तिथेच जमिनीवर जुळवून पाहत, खुणा करत आणि मग जहाजात भरत. आवारात ते ओढायचं काम बॅसी नावाचा घोडा करी, त्याचं नाव लोकांनी आजही लक्षात ठेवलं आहे.

पहिल्याच हंगामात, २ सप्टेंबर १८०७ ला, खडकावर ३२ माणसं काम करत असताना त्यांचं जहाज नांगर सुटून वाहत गेलं. उरलेल्या होड्यांत सगळे मावणं शक्य नव्हतं आणि पाणी चढत होतं. मजुरांना आधी कळलं नाही, स्टीव्हन्सनला कळलं होतं. तो बोलायला गेला तर तोंड इतकं कोरडं पडलेलं की शब्द फुटेना. डबक्यातलं पाणी प्यायला तो वाकला तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, 'होडी! होडी!' आर्ब्रोथहून पत्रं घेऊन एक होडी योगायोगानं आली होती. तिच्यामुळे सगळे वाचले.

१ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. दोनशेहून जास्त वर्षं उत्तर समुद्राच्या लाटा खाऊन ते दगडकाम जागचं हललेलं नाही. लाटांच्या मधोमध उभ्या असलेल्या दीपगृहांत जगातलं सगळ्यांत जुनं टिकलेलं दीपगृह हेच. १९८८ मध्ये ते स्वयंचलित झालं आणि राखणदार परत आले. किनाऱ्यावर १८१३ चा 'सिग्नल टॉवर' आहे, आता तिथे संग्रहालय आहे. दीपगृहावरचे राखणदार आणि किनाऱ्यावर राहणारी त्यांची कुटुंबं एकमेकांना इथून खुणा करत. राखणदाराला मूल झालं की किनाऱ्यावरून मुलगा असेल तर विजार आणि मुलगी असेल तर परकर काठीवर चढवत, असं सांगतात. अठरा किलोमीटर दूर, पाण्यानं वेढलेल्या एका बापानं दुर्बिणीतून ते पाहिलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

किल्ला, आणि माँट्रोजचे दोन जण

ग्लॅमिसच्या किल्ल्याबद्दल थोडक्यात. १३७२ पासून तो लायन घराण्याकडे आहे. राणी दुसरी एलिझाबेथ हिची आई याच घराण्यातली, आणि राजकन्या मार्गारेट १९३० मध्ये इथेच जन्मली. शेक्सपिअरनं मॅकबेथला 'ग्लॅमिसचा थेन', म्हणजे तिथला सरदार केलं, पण इतिहासातल्या मॅकबेथचा या जागेशी संबंध नव्हता. खरी शोकांतिका इथल्या जॅनेट डग्लसची. राजा पाचवा जेम्स तिच्या माहेरच्या घराण्याचा वैरी. राजाला विष देण्याचा कट रचल्याचा आळ तिच्यावर घेतला आणि १५३७ मध्ये तिला एडिनबर्गला जिवंत जाळलं.

उत्तरेकडचं बंदर माँट्रोज. शहरामागे भरतीला भरणारं आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणारं विस्तीर्ण पाणथळ आहे, जिथे शरद ऋतूत हजारो गुलाबी पायांचे हंस येतात. मराठी वाचकांना या गावाचे दोन धागे ओळखीचे वाटतील. जोसेफ ह्यूम १७७७ मध्ये इथे जन्मला, ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आला आणि इथल्या भाषा शिकला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या तोंडावर ओल लागून निकामी झालेली बरीच दारू, म्हणजे बंदुकीची दारू, त्यानं रसायनाच्या ज्ञानावर पुन्हा वापरण्याजोगी केली. गडगंज पैसा मिळवून तो मायदेशी परतला आणि पार्लमेंटमध्ये सरकारी उधळपट्टीवर आयुष्यभर कडाडून टीका करत राहिला. दुसरा अलेक्झांडर बर्न्स. १८२१ मध्ये सोळा वर्षांचा असताना तो मुंबईच्या फौजेत दाखल झाला, फारसी शिकला, बुखाऱ्यापर्यंत प्रवास करून आला आणि लंडनमध्ये गाजला. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलमध्ये जमावानं त्याला ठार केलं. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धातल्या इंग्रजांच्या दाणादाणीची ती सुरुवात.

डंडी: तागाचं शहर

डंडी आधी तागाचं नव्हतं. तिथे अळशीच्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणत आणि कच्चा माल रशियाकडून येई. बंगालचा ताग स्वस्त होता, पण इतका राठ की यंत्रावर तुटायचा. उपाय डंडीच्या बंदरातच निघाला. डंडीची जहाजं देवमाशांच्या शिकारीला उत्तरेकडे जात. देवमाशाचं तेल आणि पाणी शिंपडून ताग मऊ केला की तो यंत्रावर कातता येतो, हे १८३० च्या दशकात जमलं. मग १८५३ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा माल अडला आणि तागाला मोकळं रान मिळालं. अमेरिकी यादवी युद्धात पोत्यांची मागणी आणखी वाढली. जगाचं धान्य, कॉफी, साखर, कापूस जायचा कशात? गोणपाटात. आणि ते गोणपाट डंडीत विणलं जाई. १९०१ मध्ये शहराची वस्ती १ लाख ६० हजारांच्या वर गेली होती. शहराच्या लॉखी भागातल्या कॉक्स बंधूंच्या एकाच कारखान्यात सुमारे पाच हजार कामगार होते. त्याचं ८६ मीटर उंच, रंगीत विटांचं धुराडं अजून उभं आहे.

या गिरण्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश कामगार बायका होत्या, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. मुलगे मोठे होऊन पुरुषाची मजुरी मागू लागले की त्यांना काढून टाकत. त्यामुळे पुष्कळ घरांत बायको गिरणीत आणि नवरा घरी, आणि अशा पुरुषांना 'किटली उकळणारे' म्हणत. मागांचा आवाज इतका की विणकर बायका ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. अनेकींचे कान गेले. घरं कोंदट, तान्ह्या मुलांचे मृत्यू भयंकर. १९०५ मध्ये शहरातल्याच समाजसेवकांनी घरांची आणि शाळकरी मुलांची पाहणी करून हे सगळं छापून मांडलं. डंडीच्या श्रीमंतांचे वाडे पाहताना हा अहवाल आठवावा असं मला तळमळीनं वाटतं.

मग चाक उलटं फिरलं. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिशरा इथे डंडीची यंत्रं नेऊन तागाची पहिली गिरणी उभी राहिली. ताग तिथेच पिकत होता, मजुरी आणखी स्वस्त होती. डंडीचेच भांडवलदार तिथे पैसे लावू लागले आणि डंडीचेच मुकादम, व्यवस्थापक कलकत्त्याच्या गिरण्या चालवायला गेले. विसावं शतक उजाडेपर्यंत कलकत्त्यानं डंडीला मागे टाकलं. दोन्हीकडचा कामगार हलाखीत आणि दोघांना एकमेकांच्या मजुरीचा धाक. डंडीतला तागाचा शेवटचा धागा १९९९ मध्ये कातला गेला. व्हर्डंट वर्क्स या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे, आणि दक्षिण ध्रुवाकडे जाण्यासाठी १९०१ मध्ये इथेच बांधलेलं 'डिस्कव्हरी' जहाज बंदरात परत येऊन उभं आहे.

डंडीच्या खाडीत आजही पाण्याबाहेर डोकावणारे दगडी खुंट दिसतात. ते पहिल्या टे पुलाचे. तीन किलोमीटरहून लांब हा रेल्वेपूल १८७८ मध्ये सुरू झाला. तो बांधणाऱ्या टॉमस बूशला राणीनं 'सर' केलं. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात मधले उंच गाळे कोसळले, गाडी त्यांच्यासकट खाडीत गेली आणि डब्यांतलं कोणीही वाचलं नाही. चौकशीत कारणं उघडी पडली. वाऱ्याचा दाब हिशेबात पुरेसा धरला नव्हता. ओतीव लोखंडाच्या खांबांत पोकळ्या होत्या आणि त्या मेण, काजळी, लोखंडाचा कीस यांचं मिश्रण भरून बुजवलेल्या होत्या. रंग दिला की खालचं काही दिसत नसे. बूश दहा महिन्यांत वारला. नवा, दणकट पूल १८८७ मध्ये शेजारीच झाला आणि गाड्या अजून त्यावरून जातात.

आता परत आर्ब्रोथच्या बंदरावर. तिथला 'स्मोकी' म्हणजे धुरी दिलेला हॅडॉक मासा. त्याचं मूळ गाव उत्तरेकडच्या कड्यांवरचं ऑकमिदी, जिथे नवरे कोरड्या कपड्यांत मासेमारीला निघावेत म्हणून बायका त्यांना पाठुंगळी घेऊन पाण्यातून होडीपर्यंत नेत. एकोणिसाव्या शतकात त्यातली बरीच कुटुंबं आर्ब्रोथला आली आणि धुरी द्यायची रीत बरोबर आली. २००४ पासून आर्ब्रोथच्या आठ किलोमीटर परिघात तयार झालेल्या माशालाच हे नाव लावता येतं. मासे साफ करून मिठात ठेवतात, दोन-दोन शेपटीला सुतळीनं बांधून काठीवर टांगतात आणि कठीण लाकडाच्या जाळावर ठेवलेल्या पिंपात सोडतात. वाफ आणि धूर आत कोंडून राहावा म्हणून पिंपाच्या तोंडावर ओलं गोणपाट पसरतात. जाळ भडकला की वर आणखी एक ओलं गोणपाट टाकायचं, आणि पाऊण तासात मासा तांबूस होतो.